भरतीच्या पोरांच्या बॅगेतली हार्मोनं: फायदा कशाचा, धोका कशाचा?

मैदान_पहाटे_पाच:

पोलीस भरती आणि अग्निवीरच्या तयारीच्या मैदानावरचा प्रश्न आहे. मुलंमुली १८ ते २६ वयाची. भरतीची तारीख जवळ आली की जिममधून, मेडिकलमधून आणि ऑनलाइन 'ताकदीची' औषधं यायला लागतात. सध्या काय काय फिरतंय ते सांगतो. गोखरू, अश्वगंधा, मेथी असलेले 'टेस्टो बूस्टर' डबे. डीएचईएच्या २५ मिग्रॅच्या गोळ्या. नॅन्ड्रोलोन डेकॅनोएटचं इंजेक्शन, ज्याला सगळे 'डेका' म्हणतात. मिथॅन्डिएनोन, म्हणजे 'डी-बोल'. कागदाच्या पुडीत मिळणारी बिननावाची 'वजनाची गोळी'. आणि पळण्याआधी टोचायचं 'बीपीचं इंजेक्शन'.

पुरुषांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. यातल्या कशासाठी वरच्यापैकी काही खरंच उपयोगी पडतं का? पडत असेल तर किती, आणि त्याची किंमत काय? ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी कोणत्या तपासण्या करायच्या? आणि अचानक बंद केलं तर चालतं का?

'वाईट असतं, घेऊ नका' एवढं सांगून ही पोरं ऐकत नाहीत. समोर फुगलेले दंड दिसत असतात. म्हणून आकड्यांत आणि कारणांसकट सांगा.


डॉ_अंतःस्राव:

सर, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात जीव अडकलेला असू शकतो.

पुडीतली वजनाची गोळी बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते, सोबत भूक लागावी म्हणून सायप्रोहेप्टाडीन. ही कॉर्टिकोस्टेरॉइडं. डेका आणि डी-बोल ही ॲनाबॉलिक स्टेरॉइडं. मुलं दोन्हींना नुसतं 'स्टेरॉइड' म्हणतात, पण शरीरात दोघांचं काम जवळजवळ उलटं आहे. ॲनाबॉलिक औषध स्नायू बांधतं, कॉर्टिकोस्टेरॉइड स्नायू मोडून त्याची साखर करतं. काट्यावर जे तीन-चार किलो वाढलेले दिसतात ते पाणी आणि गालावर-पोटावर साठलेली चरबी. मांड्या मात्र आतून बारीक होत जातात. उकिडवं बसलेल्या मुलाला हाताचा आधार न घेता उठायला सांगा. उठता येत नसेल, गाल फुगून चेहरा गोल झाला असेल आणि पोटाच्या कडेला जांभळट पट्टे असतील, तर गोळी बराच काळ चालू आहे असं समजा.

ॲनाबॉलिक औषध कधीही, आजसुद्धा, एकदम बंद करता येतं. त्रास होतो, कधी खोल उदासी आणि आत्महत्येचे विचारही येतात, म्हणून लक्ष ठेवा, पण शरीर अचानक कोसळण्याची भीती नसते. कॉर्टिकोस्टेरॉइड तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर एकदम बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवायचं थांबवतात. गोळी अचानक सुटली की अंगात कॉर्टिसॉलच उरत नाही: उलट्या, चक्कर, बीपी खाली, साखर खाली, कधी शुद्ध हरपते. अशा मुलाला १६०० मीटर पळवलं किंवा ताप आला की हे नेमकं त्याच वेळी उलटतं. त्याला फिजिशियनकडे न्या आणि पुडी सोबत न्या. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि सकाळी ८ ला, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, कॉर्टिसॉल तपासतात. साधारण १० मायक्रोग्रॅम/डीएलच्या वर आलं तर ग्रंथी जाग्या झाल्या असं धरतात. ५ च्या खाली असेल तर औषध चालू ठेवावं लागतं. मैदानात कोसळलाच तर दवाखान्यात पहिलं वाक्य 'हा स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होता' हेच हवं. लपवलं तर तिथले डॉक्टर उन्हाचा त्रास समजून नुसतं सलाइन लावतील आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन राहून जाईल.

आता ॲनाबॉलिकबद्दल. 'काही फायदा होत नाही' असं मुलांना सांगू नका. फायदा होतो, आणि तो त्यांना दिसतो. १९९६ साली भसीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४३ निरोगी पुरुषांवर चाचणी केली. आठवड्याला ६०० मिग्रॅ टेस्टोस्टेरॉन (मूळ पुरुषी हार्मोन, डेका आणि डी-बोल ही त्याचीच बदललेली रूपं), १० आठवडे. ज्यांनी फक्त व्यायाम केला त्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढलं. ज्यांनी व्यायाम न करता फक्त इंजेक्शन घेतलं त्यांचं ३ किलोंच्या पुढे गेलं. दोन्ही केलं त्यांचं ६ किलो. म्हणजे औषध घेऊन बसून राहणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. जिममध्ये जे खपतं ते याच्याच जोरावर.

किंमत कुठून वसूल होते ते आता बघा. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोनं सोडून वृषणांना कामाला लावते. रक्तात बाहेरचं ॲनाबॉलिक आलं की ती दोन्ही बंद करते. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावं लागतं, तरच शुक्राणू तयार होतात, आणि इंजेक्शन ती आतली पातळी भरून काढू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला २०० मिग्रॅ टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. सहा महिन्यांत सुमारे ६५ टक्के पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. 'मर्दानगी वाढते' म्हणून विकलं जाणारं औषध मुळात गर्भनिरोधक म्हणून कामाचं आहे, हे एकदा मुलांसमोर मोठ्याने वाचा. थांबवल्यावर बहुतेकांचं वर्षभरात पूर्ववत होतं, काहींना दोन वर्षं लागतात. ती चाचणी होती, एकच औषध, ठरलेली मात्रा. जिममध्ये तीन-तीन औषधं एकत्र, वर्षानुवर्षं चालतात.

हृदयाचं पुढे. २०१७ साली १४० अनुभवी वजन उचलणाऱ्यांची हृदयाची सोनोग्राफी करून तुलना झाली: ८६ जण एकूण किमान दोन वर्षं स्टेरॉइड घेतलेले, ५४ न घेतलेले. हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा न घेणाऱ्यांत सरासरी ६३ होता, घेणाऱ्यांत ५२. हा पळण्याच्या परीक्षेला बसणाऱ्याने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आकडा आहे. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, गोळ्यांनी इंजेक्शनपेक्षा जास्त कोसळतं. डी-बोल आणि स्टॅनोझोलॉलसारख्या गोळ्या यकृतात लवकर मोडू नयेत म्हणून त्यांची रासायनिक रचना बदललेली असते. त्यामुळे त्या तोंडावाटे काम करतात, आणि त्यामुळेच यकृताला बाधतात.

एक गोष्ट पालकांनाही सांगा. १७-१८ च्या मुलाची हाडं अजून वाढत असतील तर टेस्टोस्टेरॉन आणि डी-बोलचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या स्त्री-हार्मोनमध्ये बदलतो, आणि हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी वेळेआधी बंद होते. शिपाई भरतीला पुरुषांना १६५ सेंमी उंची लागते. दंडासाठी उंची गमावणं परवडणारं नाही.


मेडिकल_काउंटर:

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी बाटलीचं सांगतो.

ॲनाबॉलिक औषधं शेड्यूल एचमध्ये येतात. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नॅन्ड्रोलोन खऱ्या रुग्णांना दिलं जातं, उदाहरणार्थ काही जुनाट आजारांत खालावलेल्यांना, आणि दुकानात ते ठेवलं जातं त्यांच्यासाठी. जिममधून मिळणारं मात्र बऱ्याचदा दुकानातलं नसतंच. वर परदेशी नाव, बॅच नंबर पुसट, एकाच बॅचच्या दोन बाटल्यांच्या झाकणांचा रंग वेगळा, तेलात तळाला खडे. आत कधी लिहिलेल्यापेक्षा कमी औषध असतं, कधी दुसरंच, कधी नुसतं तेल. मग मुलगा म्हणतो, 'एका बाटलीने काही झालं नाही', आणि मात्रा दुप्पट करतो. पुढची बाटली खरी निघाली तर?

निर्जंतुक नसलेल्या तेलाने कुल्ल्यात गळू होतो. चौघांत एक सिरिंज फिरली की हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. तुमच्या मैदानावर कुणीही इंजेक्शन घेतल्याचं कबूल केलं तर या तीन तपासण्या पहिल्या करा. लागण झाल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून तीन महिन्यांनी परत.

'बीपीचं इंजेक्शन' म्हणजे मेफेन्टरमिन. हे हार्मोन नाही, पण तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ऑपरेशनच्या वेळी मणक्यात भूल दिल्यावर बीपी पडलं तर भूलतज्ज्ञ ते वापरतात, मॉनिटर लावून. पोरं तेच पळण्याआधी शिरेत टोचतात. थकवा कळत नाही, म्हणून थांबायची वेळ कळत नाही. नाडी आणि बीपी आधीच चढलेलं, वर ऊन, वर धाव: हृदयविकाराचा झटका, मेंदूत रक्तस्राव, उष्माघात, काहीही होऊ शकतं. सवय फार लवकर लागते. महिनोन्महिने घेणाऱ्यांना संशयाचे भास होतात, 'माझ्यामागे कोणीतरी आहे' अशा पद्धतीचे, आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं. महाराष्ट्रात औषध प्रशासनाने याच्या बेकायदा विक्रीवर वेळोवेळी छापे घातलेले आहेत.

डब्यांबद्दल थोडक्यात. पूरक आहारात हार्मोन किंवा स्टेरॉइड मिसळायला आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. म्हणजे डबा नियमानुसार असेल तर त्यात टेस्टोस्टेरॉन नाही, आणि महिनाभरात दंड फुगवत असेल तर तो नियमानुसार नाही. तिसरी शक्यता फार थोडी. लेबलवर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) संकेतस्थळावर तपासता येतो. कंपनीचं नाव जुळलं नाही तर डबा परत करा. क्रमांक जुळला म्हणून आत काय आहे याची हमी मिळत नाही, हेही सांगून ठेवा.

गोखरूवर माणसांत झालेल्या चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं नाही. बूस्टरमध्ये असणारं डी-ॲस्पार्टिक ॲसिड दिवसाला ६ ग्रॅम घेणाऱ्या, आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांत एका चाचणीत ते उलट घटलं. अश्वगंधेचे छोट्या चाचण्यांत थोडेफार परिणाम दिसतात, पण यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत, आणि थायरॉइड वाढलेल्यांनी तर ती घेऊच नये. डीएचईए हे अधिवृक्क ग्रंथीचं हार्मोन, शरीर त्यातून थोडं टेस्टोस्टेरॉन आणि थोडं इस्ट्रोजेन बनवतं. तरुण मुलाच्या अंगात ते आधीच भरपूर असतं, वरून दिल्याने स्नायू वाढत नाहीत. मुलींना मात्र मुरुमं आणि चेहऱ्यावर केस येतात. अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून उघड विकतात, म्हणून इथे 'सेफ' समजलं जातं. वाडाच्या, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांविरुद्धच्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत ते आहे.


ट्रॅक_आणि_गोळा:

मैदानाच्या बाजूने बोलतो, कारण इथेच हिशेब सरळ चुकतोय.

१६०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांची धाव. यात जिंकून देतं ते हृदयाचं पंपिंग, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि दर किलो वजनामागे वापरता येणारा ऑक्सिजन. भागाकारात खाली वजन आहे. डेकाने अंगावर पाणी आणि मांस मिळून पाच किलो चढले तर ते पाच किलो ट्रॅकच्या चारही फेऱ्या वाहायचे. पन्नासातले वीस गुण इथेच आहेत, आणि मुलं पंधरा गुणांच्या गोळाफेकीसाठी ते घालवतात. गोळाफेकीतही पहिले दीड-दोन मीटर तंत्राने वाढतात: हात सुटण्याचा कोन, मागचा पाय, कंबरेचं वळण. १०० मीटरला ताकद लागते हे खरं. पण स्नायू औषधाने आठवड्यांत वाढतो, स्नायू हाडाला बांधणारी कंडरा त्या वेगाने घट्ट होत नाही. मग तुटते ती कंडरा. भरतीच्या आदल्या महिन्यात मांडीच्या मागचा स्नायू किंवा टाचेची शीर गेली की ते वर्ष गेलं.

शिवाय स्टेरॉइडने रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर रुग्णाचंसुद्धा टेस्टोस्टेरॉन थांबवतात. त्यात मुलं वजन दिसावं म्हणून पाणी तोडतात आणि भर उन्हात पळतात. गुठळी व्हायला आणखी काय लागतं?

आता 'मग काय घेऊ?' याचं उत्तर. आधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा, फक्त हिमोग्लोबिन नको. पळणाऱ्या मुलींत, आणि शाकाहारी मुलांतही, हिमोग्लोबिन १२-१३ दिसतं आणि फेरिटिन ३० च्या खाली असतं. लोहाचा साठा रिकामा असताना टायमिंग सुधारत नाही, आणि तो भरला की कुठल्याही बूस्टरपेक्षा जास्त फरक पडतो. लोहाची गोळी रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्यासोबत, चहा किमान तासभर लांब, एक दिवसाआड घेतली तरी चांगली शोषली जाते. ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. साठा पुरेसा असेल तर उगाच लोह खाऊ नये.

प्रथिनं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम. ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम. पाच अंडी ३०, अर्धा लिटर दूध १६, ५० ग्रॅम सोयाबीन वडी २५, वाटीभर शिजवलेले हरभरे १२ ते १५, मूठभर शेंगदाणे ७, बाकीचं भाकरी-डाळीतून भरतं. डबा घ्यायची गरज क्वचितच पडते.

क्रिएटिन मोनोहायड्रेट हे हार्मोन नाही, बंदी नाही, आणि १०० मीटर व गोळाफेकीला खरंच थोडी मदत करतं. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, सुरुवातीच्या मोठ्या मात्रेची गरज नाही. सुरुवातीला पाण्याचं किलो-दीड किलो वजन वाढतं, म्हणून भरतीच्या तोंडावर नव्याने सुरू करू नका, तीन महिने आधी करा म्हणजे १६०० मीटरवर काय परिणाम होतो ते घड्याळात दिसेल. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा आकडा) थोडं वाढलेलं येतं, त्याचा अर्थ किडनी गेली असा नाही. शंका आली तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी तपासणी करून घेतात.

बाकी झोप. दहा तरुण पुरुषांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं, असा २०११ चा अभ्यास आहे. रात्री दोनपर्यंत रील बघायचं, पहाटे पाचला मैदान गाठायचं आणि वर बूस्टरचा डबा घ्यायचा, याला काय म्हणावं!


दुसरी_बाजू:

तुम्ही सगळे एकाच सुरात बोलताय. परदेशात टीआरटी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन भरून काढायचा उपचार, हजारो लोक डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतात. ३०-३५ वयाच्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन ३१० एनजी/डीएल आलं, थकवा आहे, पोट सुटलंय, जिममध्ये प्रगती नाही. त्याने नियमित रक्त तपासत घेतलं तर बिघडलं कुठे? बीपीची गोळी आयुष्यभर चालते, मग हे का नाही? भरतीची मुलं सोडून बोलतोय.


डॉ_अंतःस्राव:

प्रश्न रास्त आहे. टेस्टोस्टेरॉन हे वाईट औषध नाही. ज्याची पिट्युटरी किंवा वृषणं खरोखर निकामी आहेत त्याला ते मिळालंच पाहिजे. हाडं, रक्त, कामेच्छा, मन, सगळं सुधारतं. वाद आहे तो ३१० हा आकडा आला कसा यावर.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं, जेवल्यावरही उतरतं. म्हणून नमुना सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, आणि आठवडाभराच्या अंतराने दोनदा. ताप, कोविड, ऑपरेशन, रात्रपाळी यांनंतर लगेच नको. संध्याकाळी ६ वाजता जिमच्या 'हेल्थ कॅम्प'मध्ये घेतलेल्या एका नमुन्यावर निदान होत नाही. रिपोर्टवरचं एकक बघा: ३.१ एनजी/एमएल म्हणजेच ३१० एनजी/डीएल, आणि एनमोल/एलमध्ये असेल तर २८.८ ने गुणायचं. सडपातळ, निरोगी तरुण पुरुषांची व्याप्ती साधारण २६४ ते ९१६ धरतात. म्हणजे ३१० खालच्या टोकाला आहे, पण आत आहे.

पोट सुटलेल्या माणसात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असतं. एसएचबीजी आणि अल्ब्युमिन घेऊन ते गणिताने काढावं लागतं. तेही कमी आलं तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), फेरिटिन. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर पिट्युटरीत गाठ असू शकते. टेस्टोस्टेरॉन टोचून ती झाकायची का? घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेतला श्वासरोध तपासायचा. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर यातल्या अनेकांचं टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं.

केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिग्रॅ बायोटिन असतं. काही यंत्रांवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि टीएसएच, एलएच खोटं कमी दिसतं. नमुन्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा.

सुरू केल्यावर काय, हे २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीत चांगलं पाहिलं गेलं. ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असलेले आणि हृदयविकाराचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष, अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, अर्ध्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं जेल. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत, ही दिलासा देणारी बाजू. हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसातल्या गुठळ्या आणि किडनीच्या तक्रारी मात्र औषधाचं जेल घेणाऱ्यांत जास्त निघाल्या. हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी व्हायच्या ऐवजी जास्त आलं. आणि हा निकाल रक्तातली पातळी सामान्य व्याप्तीत ठेवणाऱ्या मात्रेचा आहे. जिममधल्या मात्रेला तो लागू करणं म्हणजे फसवणूक.

बीपीच्या गोळीशी तुलना इथे मोडते: बीपीची गोळी थांबवली तर बीपी जिथे होतं तिथे परत जातं. टेस्टोस्टेरॉन दोन वर्षांनी थांबवलं तर ३१० सुद्धा लगेच परत मिळत नाही. काही महिने त्याहून खाली, थकवा आणि उदासी घेऊन काढावे लागतात. मूल हवं असलेल्या ३२ वर्षांच्या माणसाला मी म्हणूनच ते सुरू करत नाही. त्याला खरी कमतरता असेल तर पिट्युटरीला जागं करणारी दुसरी औषधं आहेत.

जेलचा एक घरगुती धोका: लावलेल्या खांद्यावर लहान मूल झोपलं तर ते त्याच्या अंगात जातं आणि अवेळी पौगंडाची लक्षणं दिसतात. लावून हात साबणाने धुवायचे, जागा कपड्याने झाकायची.


दुसरी_बाजू:

हाडं मोडण्याचं माहीत नव्हतं. तरी 'मोकळं टेस्टोस्टेरॉन' काढून देणाऱ्या प्रयोगशाळा छोट्या गावात कुठे आहेत, हा प्रश्न राहतोच.


मेडिकल_काउंटर:

ते थेट मोजणारी स्वस्त तपासणी करूच नका, बेभरवशाची असते. तालुक्याला नमुना गोळा करणारी केंद्रं आता बहुतेक ठिकाणी आहेत. एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन एवढं करून घ्या, गणित डॉक्टर करतील.


मैदान_पहाटे_पाच:

डॉक्टर, काका, सर, सगळ्यांचे आभार. पुडीच्या गोळीचं आज सकाळीच सगळ्यांना सांगितलं. तीन प्रश्न उरले. एक, तपासणीत कळतं का की मुलाने घेतलंय? मुलं नाकारतात. दोन, दोघांच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ आहे. तीन, एका मुलीचा आवाज दोन महिन्यांत घोगरा झालाय, पाळीही आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, 'जिममध्ये सुई घेते.'


ट्रॅक_आणि_गोळा:

पहिल्यावर एवढंच: जिल्हा, राज्य स्पर्धा खेळणारी मुलं असतील तर त्यांना वेगळं बसवून सांगा. नाडाच्या, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमात 'माझ्या नकळत गेलं' हे उत्तर सहसा चालत नाही, नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. महाराष्ट्र केसरी राहिलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली मिथॅन्डिएनोन निघालं. खाण्यात कुणीतरी मिसळल्याचा त्यांचा दावा नाडाने मानला, पण क्रीडा लवादाने तो नाकारून चार वर्षांची बंदी घातली आणि रिओ ऑलिंपिक हुकलं. डेकाचे अवशेष लघवीत कित्येक महिने सापडतात. मागच्या वर्षीची सुई यंदाच्या स्पर्धेत नडते.


डॉ_अंतःस्राव:

साध्या रक्त तपासणीत अंदाज येतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं असेल तर ते खूप वर आणि एलएच जवळजवळ शून्य. डेका किंवा डी-बोल असेल तर टेस्टोस्टेरॉनही खाली आणि एलएचही खाली, पण दंड फुगलेले, हिमोग्लोबिन १७-१८ आणि एचडीएल २० च्या आसपास. असं चित्र तरुण मुलात आपोआप दिसत नाही. यकृतासाठी एएसटी-एएलटीवर जाऊ नका. जड व्यायामानेही ती वाढतात, स्नायूतून येतात. जीजीटी आणि बिलिरुबिन करा, आणि आधीचे पाच-सात दिवस वजनं उचलू देऊ नका. पण हे रिपोर्ट मुलाला पकडायला वापरू नका. पुढच्या वेळी तो तपासणीलाच येणार नाही.

स्तनाग्राखालची गाठ: इस्ट्रोजेनमुळे तिथली ग्रंथी वाढते. पहिल्या काही महिन्यांत औषध बंद करून आणि उपचार घेऊन ती उतरू शकते. वर्षभर राहिली की ग्रंथीचं तंतुमय ऊतक होतं, मग शस्त्रक्रियाच. जिममध्ये यावर कॅन्सरच्या गोळ्या वाटतात, टॅमॉक्सिफेन वगैरे. त्या स्वतःहून घेतल्या तर पायांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. दोघांनाही या महिन्यात दाखवा. वृषणात गाठ लागतेय का तेही तपासून घ्यायला सांगा, कारण क्वचित तेच मूळ कारण असतं.

मुलीचं मात्र आजच करा. गर्भ राहिलाय का याची तपासणी आधी, कारण पाळी न येण्याचं ते पहिलं कारण असतं, आणि पोटात मुलीचा गर्भ असेल तर ही औषधं त्याच्या जननेंद्रियाची घडण बिघडवतात. मग एकूण टेस्टोस्टेरॉन (बायकांत साधारण १५ ते ७० एनजी/डीएल), डीएचईए-सल्फेट, प्रोलॅक्टिन, टीएसएच. सुईची गोष्ट खोटी निघाली आणि टेस्टोस्टेरॉन १५०-२०० च्या वर असेल तर अंडाशय किंवा अधिवृक्क ग्रंथीतली गाठ शोधावी लागते. इतक्या झपाट्याने आवाज बदलणं पीसीओएस या मुलींतल्या नेहमीच्या हार्मोनच्या विकारात होत नाही. सुई खरी असेल तर पाळी बहुधा काही महिन्यांत परत येते, मुरुमं जातात. स्वरतंतू एकदा जाड झाले की आवाज पूर्ण मागे येत नाही, म्हणून 'एकच डोस उरलाय' म्हणून पुढची सुई घेऊ देऊ नका. डेका तेलातून हळूहळू सुटतं, आज थांबवलं तरी आधीचं काही आठवडे काम करत राहणार. तिच्याशी मैदानावरच्या बाईंनी एकटीला बाजूला घेऊन बोलावं, घरी कळवण्याआधी.